खेळ कोणत्या खात्यांत घालावा?

लिलांव हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि मराठींत असा रुळला कीं, तो परका आहे हें आज कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. ह्या शब्दाबरोबर एक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. अंगणांत मांडलेलें सामान, भोंवतीं जमलेलीं गिऱ्हाइकें, आणि ‘एक वार, दोन वार’ म्हणून आवाज चढविणारा पुकारा. तेथें वस्तु समोर असे. ती काय आहे हें सांगण्याची फारशी गरज नसे. ज्याला हवी तो ती हातांत घेऊन, उलटीसुलटी करून पाही. इ. स. १९९५ मध्यें अमेरिकेंत पिएर ओमिड्यार ह्या गृहस्थानें संगणकांच्या जाळ्यावर लिलांव मांडला, तेव्हां वस्तु दृष्टीआड झाली. त्या लिलांवांत प्रथम विकली गेलेली वस्तु म्हणजे किरणांनीं खूण करण्याची एक मोडकी लेझर-कांडी. ती १४ डॉलर ८३ सेंटांना गेली. ह्याच उद्योगाला पुढें ईबे हें नांव पडलें. मुंबईंत २००० सालीं निघालेली बाझी ही लिलांवपेढी ईबेनें २००४ मध्यें विकत घेतली, आणि ईबेची हिंदुस्थानांतील शाखा २०१८ मध्यें बंद झाली. लिलांवांची ही नवी रीत मात्र बंद झाली नाहीं.

वस्तु दृष्टीआड गेली म्हणजे ती शोधण्यास एकच वाट उरते: ती कोणत्या खात्यांत नोंदली आहे हें पाहणें. वाण्याच्या वहींत खातें चुकलें तर रक्कम तरी कोठें तरी सांपडते. लिलांवाच्या यादींत खातें चुकलें तर वस्तु असून नसल्यासारखी होते. म्हणून जुन्या खेळांचे संग्राहक किंमतीपेक्षां खात्यांवरून अधिक भांडतात. त्यांचें हें भांडण वरवर क्षुल्लक दिसतें. पण त्याला आपल्या प्रांतांत बराच जुना इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक मोलाचा धागा छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेंत, गुंतलेला आहे.

आधीं आजची अडचण पाहूं. पाश्चात्त्य देशांत ज्या खेळांच्या खात्यांविषयीं हा वाद विशेष रंगतो त्यांना भूमिका-खेळ म्हणतां येईल. चार-पांच मंडळी एका मेजाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होतो. तो म्हणतो, ‘तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या भुयारापाशीं आलां आहां, आंतून पाणी ठिबकल्याचा आवाज येतो आहे. आतां काय करतां?’ बाकीच्यांपैकीं कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर झालेला असतो, आणि प्रत्येकानें आपल्या भूमिकेला शोभेल असें उत्तर द्यावयाचें असतें. बेत साधला कीं फसला हें फांसे ठरवितात. पट बहुधा नसतोच. असला तरी तो दुय्यम. आपल्या अर्थानें हार-जीतही नसते. देवगिरीच्या किल्ल्यांतली अंधारी जो एकदां मशालीच्या उजेडांत चालून गेला आहे, त्याला ह्या खेळाची गोडी समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

ह्या प्रकारचा पहिला छापील खेळ १९७४ मध्यें निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्याचें नांव. लाकडासारखा दिसणारा कागद चिकटविलेली एक पुठ्ठ्याची पेटी, तींत तीन लहान पुस्तिका. पहिल्या खेपेला प्रती १,०००, किंमत १० डॉलर. ह्या पहिल्या खेपेची पेटी आज संग्राहकांच्या डोळ्यांत भरते. पण ती मांडावयाची कोठें? पुस्तिका आहेत म्हणून ग्रंथांच्या खात्यांत? फांसे लागतात म्हणून खेळण्यांच्या? शिशाचे छोटे योद्धे कोणी त्याबरोबर ठेवले असतील, तर शिशाच्या पुतळ्यांच्या? असें केलें कीं एकाच खेळाचीं हाडें चार दुकानांत वांटलीं गेलीं, आणि खेळ कोठेंच राहिला नाहीं.

बरें, भूमिका-खेळांचें निराळें खातें उघडलें, तरी त्याच्या आंत पोटखातीं कशीं पाडावीं? छापणाऱ्या पेढीवरून पाडावीं म्हटलें, तर टी. एस. आर. ह्या पेढीनें हाच खेळ काढला, आणि १९७५ मध्यें बंदूकबाजांचा ‘बूट हिल’, १९७८ मध्यें महासंहारानंतरच्या उजाड जगाचा ‘गामा वर्ल्ड’ व १९८० मध्यें हेरांचा ‘टॉप सीक्रेट’ हेही तिनेंच काढले. नियमांत, गोष्टींत, वळणांत ह्यांचें एकमेकांशीं फारसें नातें नाहीं. नियमांवरून पाडावीं म्हटलें, तर एकाच नांवाच्या खेळाचे नियम आवृत्तीगणिक बदलत गेलेले. एका आवृत्तीसाठीं लिहिलेलें कथानक दुसरीच्या गिऱ्हाइकाला जसेंच्या तसें चालत नाहीं. विषयावरून पाडावीं म्हटलें, तर ताऱ्यांमधल्या प्रवासाचा ‘ट्रॅव्हलर’ एकीकडे आणि भयकथांवरचा ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ दुसरीकडे. पण दोन्ही विषय एकत्र घेणाऱ्या खेळाला घर कोठें? त्यांत १९९३ मध्यें रिचर्ड गारफील्ड ह्यांनीं पत्त्यांच्या रूपानें मांत्रिकांचें युद्ध काढलें. आंत कोणतीं पानें आहेत तें फोडल्याखेरीज कळूं नये अशा पुडींतून तीं पानें विकलीं जाऊं लागलीं, आणि जमविण्याच्या पत्त्यांचें एक स्वतंत्र खातें उभें राहिलें. चार वर्षांनीं त्या पत्त्यांच्या पेढीनें टी. एस. आर. ही पेढी विकत घेतली, तेव्हां मालक एक झाला. खातीं निराळीं तीं निराळींच राहिलीं.

ह्या गोंधळांत वंशावळ पाहिली तर मौज वाटते. भूमिका-खेळ निघाला तो शिशाच्या सैनिकांच्या रणखेळांतून. गायगॅक्सनींच १९७१ मध्यें तसा एक रणखेळ छापला होता. इंग्लंडांत एच्. जी. वेल्सनें १९१३ मध्यें असल्याच खेळावर पुस्तक लिहिलें. त्याच्या मागें प्रशियाच्या लष्करांत १८२४ च्या सुमारास राइस्विट्झ ह्या अधिकाऱ्यानें नकाशावर खेळावयाचा रणखेळ बसविला, आणि त्याच्याही मागें ब्रन्सविक येथें हेल्विग ह्यानें १७८० मध्यें बुद्धिबळाचाच पट वाढवून त्यावर तोफा, नद्या व डोंगर मांडले. बुद्धिबळाचा मूळपुरुष आपला चतुरंग. म्हणजे अमेरिकेंतल्या त्या लाकडी रंगाच्या पेटींतल्या मांत्रिकाचें गोत्र शेवटीं आपल्या हत्ती-घोड्यांना येऊन मिळतें. तेव्हां आपल्या लोकांनीं ह्या मूळपुरुषाला कोणत्या खात्यांत घातलें हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. आपल्या मुलखाशीं संबंध असलेल्या तीन पंडितांनीं त्याला तीन निरनिराळ्या खात्यांत घातलें आहे.

पहिला पंडित राजाच होता. कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर ह्यानें इ. स. ११३० च्या आगेंमागें ‘मानसोल्लास’ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हें त्याचें दुसरें नांव. राजानें मिळवावें, राखावें, भोगावें आणि रमावें तें सगळें त्यानें पांच विंशतींत, विंशतींतल्या वीस-वीस अध्यायांत बसविलें आहे. त्यांपैकीं चौथी विनोदाची आणि पांचवी क्रीडेची. हा फरक फार जाणून केलेला आहे. शस्त्रविद्येचे प्रयोग, मल्लांच्या झुंजी, कोंबड्यांच्या लढाया, मृगया, गीत, नृत्य हे विनोद. उपवनांतला विहार, झोका, जलक्रीडा, वाळूंतले खेळ, चांदण्यांतले खेळ, कोडीं घालणें, आणि त्यांच्याच रांगेंत चतुरंग, फांसे व कवड्या, ह्या क्रीडा. माझ्या समजुतीप्रमाणें सोमेश्वराची कसोटी साधन ही नाहीं. राजा त्यांत पाहणारा आहे कीं स्वतः खेळणारा आहे, ह्याकडे त्याचें लक्ष अधिक दिसतें. मृगयेसारखे अपवाद ह्या कसोटीला सरळ बसत नाहींत हें खरें; परंतु चांदण्यांतला खेळ आणि बुद्धिबळ एका खात्यांत आणावयाचें धाडस आजच्या कोणत्याही यादीकारानें केलेलें नाहीं, आणि मला तें सोमेश्वराच्या बाजूनें चांगलें वाटतें.

दुसरे पंडित नीलकंठ भट्ट. ह्यांचें घराणें मूळचें पैठणचें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं रामेश्वर भट्ट पैठण सोडून पुढें काशीस स्थायिक झाले, आणि त्या घराण्यानें दोन-तीन पिढ्या काशीच्या पंडितसभांत महाराष्ट्राचें नांव गाजविलें. नीलकंठांचा ‘व्यवहारमयूख’ मुंबईच्या हायकोर्टांत हिंदु कायद्याच्या कामीं प्रमाण मानला जाई, त्यामुळें वकिलांच्या घरांत तें नांव परिचित आहे. त्याच ग्रंथमालेंतला ‘नीतिमयूख’ राजनीतीचा. आणि बुद्धिबळाचें वर्णन नीलकंठांनीं घातलें तें ह्या राजनीतीच्या ग्रंथांत. सोमेश्वराच्या घरीं जें चांदण्याच्या शेजारीं बसलें होतें, तें येथें राजाच्या कर्तव्यांच्या शेजारीं येऊन बसलें. प्रशियाच्या सेनापतींनीं दोनशें वर्षांनीं जें खातें निवडलें त्याच्याशीं हें बरेंच जुळतें. खातें बदललें कीं वाचकही बदलतो; रमावयास आलेला मनुष्य नीतिग्रंथ उघडीत नाहीं.

तिसरे पंडित औरंगाबादचे हरिकृष्ण वेंकटराम शास्त्री. हे ज्योतिषी. शहर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. शके १७९३ मध्यें, म्हणजे इ. स. १८७१ मध्यें, ह्यांनीं ‘क्रीडाकौशल्य’ नांवाचा संस्कृत ग्रंथ पुरा केला. तो पुढें मुंबईच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्यानें छापला. बुद्धिबळाच्या निरनिराळ्या रीती, गंजिफा, पटावरचे इतर खेळ ह्यांचे नियम त्यांत श्लोकबद्ध आहेत. खेळांच्या इतिहासाचा अभ्यास करणारे युरोपांतले पंडित आजही ह्या ग्रंथाकडे वारंवार वळतात, पण त्याच्या जन्मगांवीं त्याचें नांव क्वचितच ऐकूं येतें.

हा ग्रंथ स्वतंत्र नाहीं, हीच त्यांतली मौज. हरिकृष्णांनीं ‘बृहज्ज्योतिषार्णव’ नांवाचा प्रचंड ग्रंथ योजिला होता. ज्योतिषाचे परंपरेनें तीन स्कंध: सिद्धान्त, संहिता आणि होरा. त्यांत न मावणाऱ्या गोष्टींसाठीं ह्या विशाल ग्रंथांत एक ‘मिश्रस्कंध’ आहे, आणि ‘क्रीडाकौशल्य’ त्या मिश्रस्कंधाचा एक अध्याय आहे. ब्राह्मणांच्या पोटजातींची उत्पत्ति सांगणारा त्यांचा ‘ब्राह्मणोत्पत्तिमार्तंड’ हाही त्याच मिश्रस्कंधांतला. आजच्या लिलांवाच्या यादींत सर्वांत शेवटीं ‘इतर’ म्हणून जें खातें असतें, तेंच हें. कोठेंच न बसणारें तें तेथें. जातींचीं मुळें आणि बुद्धिबळाचे डाव एका छपराखालीं पाहून हसूं येतें. परंतु पोटभेद सोडवून मांडण्याची जी हौस एका अध्यायांत दिसते तीच दुसऱ्यांतही काम करते आहे हें उघड आहे.

बाहेरचें खातें ‘मिश्र’ असलें तरी आंतली मांडणी मात्र मिश्र नाहीं. हरिकृष्ण खेळाची ओळख त्याच्या किंमतीवरून देत नाहींत, तो कोणत्या जिनसेचा बनविला आहे ह्यावरून देत नाहींत, कोणी बनविला ह्यावरूनही देत नाहींत. पट कसा मांडावा, मोहरीं किती, चाल कशी, डाव कधीं संपतो, एवढ्यावरून देतात. त्यांच्या ग्रंथावरून खेळ पुन्हां खेळतां येतो. यादी करणाऱ्याच्या कामाची ह्याहून कडक परीक्षा मला माहीत नाहीं.

ही परीक्षा गंजिफांना लावून पाहावी. बाबरानें १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफांचा संच धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’मध्यें एका जुन्या संचाचें वर्णन दिलें आहे: १२ रंग, दर रंगांत १२ पानें, एकूण १४४. रंगांचीं नांवें पाहा. अश्वपति, गजपति, नरपति, गढपति, धनपति, आणि शेवटीं शेवटीं सुरपति, असुरपति, वनपति, अहिपति. घोड्यांचा राजा, गडांचा राजा, असुरांचा राजा, श्वापदांचा राजा, सर्पांचा राजा! १९७४ च्या त्या अमेरिकन पेटींत जीं पात्रें वावरतात त्यांचे हे चुलतभाऊच. अकबरानें ह्या रंगांत बदल केले, म्हणजे बादशहालाही खातीं बदलण्याचा मोह आवरला नाहीं.

महाराष्ट्रांत दोन प्रकार रुळले: ८ रंगांचा, ९६ पानांचा चंगकांचनी, आणि १० अवतारांचा, १२० पानांचा दशावतारी. दर रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानें. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी व एक्का लहान, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा व दश्शी लहान. दशावतारी खेळांत दिवसां डाव रामाच्या रंगापासून सुरू व्हावयाचा, रात्रीं कृष्णाच्या. सूर्य मावळला कीं खेळाचा धनी बदलला! सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं हीं वाटोळीं पानें चिंचोक्याची खळ, खडूची भुकटी, रंग आणि लाख ह्यांच्या साहाय्यानें पिढ्यान् पिढ्या घडविलीं. धनिकांसाठीं केलेलें तें दरबार कलम, सामान्यांसाठीं केलेलें तें बाजार कलम. हीही एक वर्गवारीच, पण ती किंमतीची. खेळ दोहींचा एकच.

आतां असा संच लिलांवांत आला म्हणजे काय होतें? पानें सुंदर असल्यामुळें तो ‘लोककला’ किंवा ‘लघुचित्रें’ ह्या खात्यांत जातो. एकदां चित्र ठरला कीं संच एकत्र ठेवण्याचें कारण उरत नाहीं. नृसिंहाचें पान एकट्यानें अधिक देखणें दिसतें, चौकटींत बसतें, भिंतीवर शोभतें. दहा राजे दहा घरीं जातात, आणि साधीं पानें, म्हणजे ज्यांवर तीन मासे किंवा सात शंख एवढेंच आहे तीं, कोणालाच नको असतात. विक्रेत्याचा लाभ होतो, विकत घेणाराही फसत नाहीं. पण शंभर-दीडशें वर्षें खेळला गेलेला एक डाव त्या दिवशीं कायमचा मोडतो. चोरी नाहीं, लबाडी नाहीं. केवळ खातें चुकलें.

मोक्षपटाची गतही अशीच. तो ज्ञानेश्वरांनीं घालून दिला अशी आपल्याकडे परंपरा आहे. उपलब्ध पट मात्र बरेच अलीकडचे, बहुतेक अठराव्या शतकापासूनचे. ह्यांत खेळणाराची सोंगटी म्हणजे तो स्वतः. कवड्या पडतील तशी ती चढते. सद्गुणाच्या शिडीनें वर, दुर्गुणाच्या सापाच्या तोंडून खालीं, आणि शेवटीं वैकुंठ. आपल्याकडे भूमिका-खेळ नव्हता असें म्हणणारानें हा पट पाहावा. वैष्णव पटांत ७२ घरें आढळतात, जैन पटांत ८४. घरें मोजलीं कीं संप्रदायाचा माग लागतो. पण लिलांवाच्या यादींत तो ‘कापडावरील धार्मिक चित्र’ होतो, घरें कोणी मोजीत नाहीं, आणि चित्र पुरतें दिसावें म्हणून कांचेखालीं जातो. कांचेखालच्या पटावर सोंगटी ठेवतां येत नाहीं.

कायद्याचाही येथें संबंध येतो. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू परवान्याखेरीज विकण्याचा धंदा करतां येत नाहीं आणि खाजगी माणसाला त्या परदेशीं धाडतां येत नाहींत. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. हस्तिदंताच्या गंजिफांना तर वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा आडवा येतो. ‘जुनें खेळणें’ असें मोघम लिहून ही अडचण टाळूं पाहणारे विक्रेते असतात. मोघम खातें हें अज्ञानाचें जसें असतें तसें सोयीचेंही असतें.

ह्याच्या उलट एक उदाहरण पुण्यांत आहे. दिनकर केळकरांनीं जन्मभर जमविलेला संग्रह १९७५ मध्यें सरकारच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, भांडीं, वाद्यें अशा गटांनीं ती वस्तुसंपदा लोकांच्या मनांत ठसली आहे. अडकित्ता पितळी कीं पोलादी, हा प्रश्न दुसरा. सुपारी कातरण्याचा, हें पहिलें. खेळांच्या खात्यांनाही हाच क्रम लावावा असें मला वाटतें. प्रथम तो कसा खेळला जातो. मग कोणत्या नियमांनीं, कोणत्या आवृत्तीचा. मग संच पुरा कीं अपुरा. आणि सर्वांत शेवटीं तो शिशाचा, लाखेचा कीं कागदाचा. कॅलिफोर्नियांतल्या यादीकाराला हें पटेल कीं नाहीं, कोण जाणे. पण आपल्याकडे घराघरांतून माळ्यावरच्या पेट्या अजून उघडावयाच्या आहेत, आणि त्यांची पहिली यादी घरांतलाच कोणी तरी करणार आहे.

अशा पेटींत ११९ पानें निघालीं तर तीं सुटीं करून वांटूं नयेत. सावंतवाडीच्या राजवाड्यांत चिताऱ्यांचे हात आजही चालतात. तेथील गंजिफांना २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. उणें असलेलें एक पान तेथें नव्यानें रंगवून मागतां येईल. मात्र तें वराहाचें सातवें कीं वामनाचें नववें, हें चिताऱ्याला सांगावें लागेल, आणि त्यासाठीं पानें रंगवार लावून मोजलेलीं असलीं पाहिजेत.